गॉब्लिन शार्कचा जबडा : माल कसा ओळखावा व राखावा

शंख-शिंपले आणि शोभेच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्यांना शार्कचे, म्हणजे मुशीचे, जबडे नवीन नाहीत. परंतु परदेशी संग्राहक मागतात तो गॉब्लिन शार्कचा जबडा वेगळाच माल आहे. हा मासा खोल समुद्रात राहतो व क्वचितच जाळ्यात येतो. त्यामुळे त्याच्या नावाने दुसराच जबडा गळ्यात मारला जाण्याचा धोका असतो. म्हणून व्यापाऱ्याने आधी मासा समजून घ्यावा.

त्याची शास्त्रीय नोंद १८९८ साली झाली. जपानात योकोहामाजवळ सागामी उपसागरात १०७ सें.मी. लांबीचा एक कोवळा नर सापडला. तो योकोहामाचे व्यापारी अ‍ॅलन ओस्टन यांच्या हाती आला. त्यांनी तो प्रा. काकिची मित्सुकुरी यांना दिला आणि अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी दोघांचीही नावे माशाला दिली : मित्सुकुरिना ओस्टोनी. एका व्यापाऱ्याचे नाव अशा रीतीने शास्त्राच्या वहीत चढले! जपानी कोळी याला तेंगुझामे म्हणतात. तेंगू म्हणजे त्यांच्या लोककथांतील लांब नाकाचा भुतासारखा प्राणी.

हा मासा बहुधा २७० ते ९६० मीटर खोलीवर सापडतो. अंग ढिले, पोहणे मंद. कातडी इतकी पातळ की आतले रक्त दिसून जिवंतपणी तो गुलाबी भासतो. मेल्यावर मात्र रंग करडा-तपकिरी होतो. लांब चपट्या नाकावरील सूक्ष्म छिद्रांनी त्याला भक्ष्याच्या शरीरातील विजेचा सुगावा लागतो.

मंद मासा चपळ भक्ष्य पकडतो कसा? याचे उत्तर जबड्यात आहे. एरवी जबडा ताणलेल्या बंधांनी मागे धरलेला असतो. भक्ष्य जवळ येताच तो गलोलीतून सुटल्यासारखा पुढे झेपावतो. होक्काइडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चित्रफिती तपासून २०१६ साली हा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असल्याचे प्रसिद्ध केले. जबडा माशाच्या लांबीच्या सुमारे नऊ टक्के पुढे येतो, म्हणजे तीन मीटरच्या माशात जवळजवळ एक फूट.

ओळख दातांवरून करावी. पुढचे दात मोच्याच्या आरीसारखे लांब व बारीक, त्यांवर उभ्या बारीक रेघा. मागचे दात लहान व चपटे, चिरडण्याच्या कामाचे. माको शार्कच्या दातांवर अशा रेघा नसतात. केवळ पुढचे दात पाहून सौदा करू नये. कोपऱ्यापर्यंत बोट फिरवावे.

आता राखण्याविषयी. शार्कचा जबडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो आणि दात खोबणीत नव्हे, हिरडीच्या कातडीत बसलेले असतात. म्हणून उकळणे म्हणजे मालाचे नुकसान : कूर्चा वितळते, दात गळतात. मांस हाताने खरवडावे, जबडा चौकटीवर ताणून सावलीत सावकाश वाळवावा. घाई केली की तो आकसून वाकडा होतो. काही कारागीर प्रत्येक जबडा गोल ताणतात. माझ्या मते गॉब्लिनच्या बाबतीत ते चूक आहे. त्याचा जबडा मुळातच अरुंद व लांबट आहे. तोच आकार राखला तर जाणकार गिऱ्हाईक ओळखते.

कागदपत्रांत कसूर नको. गॉब्लिन शार्क साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाही. पण ग्रेट व्हाइट (२००४), माको (२०१९) आणि २०२२ च्या पनामा बैठकीनंतर रेक्विएम शार्कचे सारे कुळ यादीत आले. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीने या यादीतील प्राणी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले आहेत. म्हणजे गॉब्लिन म्हणून घेतलेला जबडा माकोचा निघाला, तर भुर्दंड किमतीपुरता राहत नाही, प्रकरण कायद्यात जाते. बिलावर नुसते ‘शार्कचा जबडा’ असे लिहून घेऊ नये. शास्त्रीय नाव, पकडल्याचे ठिकाण व वर्ष मागावे. माशाचे नाकासकट डोक्याचे छायाचित्र मिळाले तर फारच उत्तम, कारण ते नाक दुसऱ्या कोणत्याही मुशीला नाही.