शाळेतल्या सेवेविषयी

तंजावर



क्वेकर शाळांत समाजसेवा ही फावल्या वेळची पुण्याई नसून शिक्षणाचाच भाग असते. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांच्यापासून वाढलेल्या या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा अशी, की प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे. हे एकदा मनापासून मानले, की देणारा वरचा आणि घेणारा खालचा ही उतरंड उरत नाही. म्हणून तिथे सेवेइतकाच, सेवेनंतर शांत बसून केलेल्या विचारालाही मान असतो.

महाराष्ट्रात याचा उत्तम नमुना सेवाग्रामला दिसला. 1928 साली मद्रासला शिक्षिका म्हणून आलेल्या मार्जरी साइक्स पुढे क्वेकर झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यांनी सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे हातच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत, काम केले. तिथे स्वयंपाकघर हाच गणिताचा वर्ग होता: किती माणसे जेवणार, धान्य किती लागणार, माणशी खर्च किती पडणार, हे मुलांनीच काढायचे. संडासाची सफाई मुले आणि शिक्षक मिळून करीत, आणि सोनखत शेतात जाई. वर्षातून एकदा वस्तीत जाऊन वह्या वाटण्यापेक्षा, फोटो काढून घेण्यापेक्षा तर नक्कीच, हे शिक्षण कितीतरी खोल जाते.

तंजावरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात इथल्या छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांची, व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. छत्रात येईल त्या वाटसरूला, जात न पाहता, शिजवलेला भात मिळे. तो नको असेल त्याला शिधा. शाळामास्तर आणि वैद्यही तिथेच असत. अनाथ मुले मास्तरांच्या हवाली केली जात, त्यांना तीन वेळ जेवण मिळे आणि दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाऊ घातले जाई. अन्न, औषध आणि अक्षर एका छपराखाली होते. उणीव एवढीच, की सारा भार राजाच्या दानावर होता. शिकणाऱ्याच्या वाट्याला फक्त घेणे येई. क्वेकर आणि नई तालीम यांची भर नेमकी इथे आहे.

तेव्हा विद्यार्थ्याने काम निवडण्याआधी ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांनाच विचारावे, त्यांचे म्हणणे आपल्या योजनेच्या विरुद्ध गेले तरी ऐकावे. भाषणाची, उद्घाटनाची कामे इतरांवर सोडावीत. स्वयंपाकघर, मोरी किंवा हिशेबाची वही, यांतले एक काम घ्यावे आणि ते वर्षभर सोडू नये.