भुरीच्या डोळ्यातलं कुसळ

आमच्या मोखाड्याकडे घरात मांजर लागतंच, नाहीतर कणगीतलं भात उंदरांच्या पोटात जातं. भुरी त्यासाठीच पाळलेली. २०२३ची दिवाळी झाली, खळ्यावर झोडणी चालू होती आणि भुरी दिवसभर पेंढ्यात तोंड खुपसून उंदीर शोधायची. एका सकाळी पाहिलं तर तिचा डावा डोळा अर्धा मिटलेला, कडेनं पाणी. पण दूध प्यायली, उन्हात जाऊन बसली. म्हटलं, डोळे आले असतील.

त्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती, आमचंही घर त्यातून सुटलं नव्हतं. तेव्हाची उरलेली बाटली फळीवर होतीच. चार दिवस तेच थेंब भुरीच्या डोळ्यात घातले. लाली उतरली तशी मी खूश. पाचव्या दिवशी बुबुळ निळसर-पांढरं झालं आणि डोळा उघडेचना.

टोपलीत घालून तिला जव्हारला नेलं. "गुरांच्या डॉक्टरकडे मांजर?" म्हणत जीपमधले हसले. डॉक्टरांनी आधी डोळा बधिर केला, मग नारिंगी कागदाची पट्टी ओली करून टेकवली आणि डोळा धुतला. निळ्या उजेडात बुबुळावर हिरवा डाग चमकला. ती जखम होती. नाकाकडच्या कोपऱ्यात मांजराला तिसरी पापणी असते, तिच्यामागून त्यांनी चिमट्यानं भाताचं कुसळ ओढून काढलं. मग माझी बाटली वाचून म्हणाले, "ताई, यात स्टेरॉइड आहे. लाली दबली, पण जखम भरायची थांबली."

मांजर दुखणं लपवतं. जेवतंय, फिरतंय म्हणजे बरं आहे, असं धरू नका. डोळा बघा. तुमच्याकडे बघून दोन्ही डोळे सावकाश मिटले तर ते लाड. एकच डोळा मिचकावत राहिलं तर ती वेदना, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भर उन्हात बाहुली रेघेसारखी बारीक हवी. अंधारात, भीतीनं किंवा खेळताना ती गोल होते, तसंच रात्री डोळे चमकतात. त्यात काही वावगं नाही. पण उजेडातही दोन्ही बाहुल्या मोठ्याच राहिल्या आणि म्हातारं मांजर भिंतीला धडकू लागलं, तर रक्तदाब वाढून आतला पडदा सुटलेला असू शकतो. एक बाहुली लहान, एक मोठी, हेही थांबण्यासारखं नाही.

झोपेतून उठताना तिसरी पापणी क्षणभर दिसते. जागेपणी दोन्ही डोळ्यांवर ती राहिली तर मांजर आजारी आहे असं समजा. कधी जुलाब-जंत, कधी अंगातलं पाणी कमी झालेलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर कावीळ. पिल्लांचे डोळे चिकटले तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून पुसा, ओढून उघडू नका, आणि बाकीच्या मांजरांपासून त्यांना वेगळं ठेवा.

माणसांचे थेंब, दूध, मध, पाल्याचा रस, काहीही डोळ्यात घालू नका. कुसळ दिसलं तरी स्वतः ओढू नका. दवाखाना लांब असेल तर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर लावा.

भुरीचा डोळा वाचला. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका मात्र राहिला. झोडणी लागली की आता रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेते आणि आधी नाकाकडचा कोपरा बघते.