दोष बॅटरीचा की प्रभारणाचा?

सकाळी चावी फिरवावी, स्टार्टरने नुसता 'टक्' असा आवाज करून गप्प बसावे आणि 'बॅटरी गेली' असे म्हणून नव्या बॅटरीच्या खर्चाची तजवीज करावी, हा अनुभव ट्रॅक्टर, जीप व मालमोटारी वापरणाऱ्यांना नवीन नाही. ऐन पेरणीत असा खोळंबा महागात पडतो. रुग्णवाहिकेच्या बाबतीत तर तो जिवावर बेतू शकतो. नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच निपचित पडली, म्हणजे दोष मुळात तिचे प्रभारण करणाऱ्या यंत्रणेत असावा, हे उशिरा ध्यानी येते. वस्तुतः साध्या व्होल्टमापकाच्या साहाय्याने हा भेद खरेदीपूर्वीच करता येतो.

पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा शिसे-आम्ल घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केला. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. म्हणून पूर्ण प्रभारित बॅटरी १२ नव्हे, तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. १२.२ म्हणजे शक्ती निम्म्यावर आली आणि १२ म्हणजे जेमतेम पाव उरली. 'बारा दाखवते, म्हणजे ठीक आहे' हा समज त्यामुळेच फसवा आहे. मापन मात्र वाहन रात्रभर उभे राहिल्यानंतर करावे. नुकत्याच थांबलेल्या वाहनात आकडा फाजील चढा येतो. बॅटरी अनेक आठवडे अर्धवट प्रभारित राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती खरोखरच निकामी होते.

यानंतर इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे व पुन्हा मापन करावे. दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असावयास हवा. तो बारा-साडेबारावरच अडून राहिला, तर बॅटरीला काहीच मिळत नाही असे समजावे. अशा वेळी अल्टरनेटर उतरविण्याची घाई करू नये. प्रथम पट्टा पाहावा. तो सैल वा गुळगुळीत झाला असल्यास घसरतो. चावी लावताच प्रभारणाचा दिवा लागतो की नाही, तेही पाहावे. अनेक वाहनांत याच दिव्यातून येणारा प्रवाह अल्टरनेटरला जागे करतो, म्हणून क्षुल्लक बल्ब उडाल्यानेही प्रभारण खुंटू शकते. मग अल्टरनेटरचे मुख्य टर्मिनल व बॅटरीचे धन टर्मिनल यांमधील दाब, दिवे लावून मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास अल्टरनेटर निर्दोष असून तारेत अथवा सांध्यात गंज आहे. टर्मिनलांवरील हिरवट-पांढरा थर गरम पाण्याने धुऊन काढण्यास खर्च तो कितीसा!

दाब १५ व्होल्टच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे. घटांतील पाणी वरचेवर कमी होते. विदर्भातील उन्हाळ्यात तर फारच झपाट्याने. त्यात केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे, आम्ल कदापि नव्हे. प्रभारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने पातळी पाहण्यासाठी काडी ओढणे म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. अलीकडील काही वाहनांत संगणकच दाब कमीजास्त करतो. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटरची 'परीक्षा' घेण्याची रीत डायनॅमोच्या काळापासून चालत आली आहे. ती सोडून द्यावी. त्यामुळे दाब एकाएकी उसळून अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात.

प्रभारण योग्य असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल, तर गळती शोधावी. ट्रॅक्टरवर हौसेने बसविलेली गाण्याची यंत्रणा येथे पहिली संशयित! चावी काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी व मध्ये अँपिअरमापक जोडावा. प्रवाह ५० मिलिअँपिअरहून बराच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येईल, त्याच मार्गात गळती आहे.