सोलर बसवताय? आधी डीपी किती लांब आहे ते बघा

तीन किलोवॉटच्या सोलरचा दर विचारला, तर बहुतेक एजन्सी दोन लाखांच्या अलीकडे-पलीकडे आकडा सांगतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० रुपये अनुदान आहे. पाच किलोवॉट बसवलं तरी तेवढंच, म्हणून दोन-दोन एसी नसतील तर तीनवर थांबावं. पैसे आधी तुम्हीच भरायचे. अनुदान नंतर खात्यात येतं. कोटेशनमध्ये जीएसटी जुन्या १२ टक्क्यांनी धरलेला नाही ना, हेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवर ५ टक्के आहे.

तीन किलोवॉटला ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दिवसाला सरासरी बारा युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. स्थिर आकार मात्र बिलात राहतोच.

आता कोटेशनमध्ये नसलेली गोष्ट. दुपारी घरात खपत नाही ती वीज त्याच तारेतून शेजाऱ्यांकडे जाते आणि डीपीवरचा भार हलका होतो. पण डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला घर असेल, तार जुनी आणि बारीक असेल, तर ती वीज बाहेर ढकलताना व्होल्टेज चढतं. २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. भर उन्हात, ऐन कमाईच्या वेळी पडद्यावर लाल दिवा! म्हणून सही करण्याआधी एखाद्या दुपारी इलेक्ट्रिशियनकडून मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. २३० च्या आसपास असेल तर उत्तम. आधीच २४५ असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करा. खांबापासूनची सर्व्हिस वायर किती जाडीची, हेही विचारा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट नाही, आणि पाच किलोवॉटपर्यंतच्या सोलरसाठी लाइन किंवा डीपी सक्षम करायची झाली तर तो खर्च वीज कंपनीचा. ‘डीपीचे वेगळे द्यावे लागतील’ असं एजंट म्हणाला, तर पावती मागा. बहुधा विषय तिथेच संपतो.

लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते हवंच. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीचा खर्च वेगळा धरा.