दुखणं पोटाचं की डोक्याचं?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सहा वर्षांपासून पोटात मुरडा येतो, कधी जुलाब, कधी पोट साफ होत नाही. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस सांगून नैराश्यावरची गोळी दिली. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." या आजारात मेंदूची रचनाच वेगळी असते, असं मी वाचलं. डोक्याचा एमआरआय करावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एमआरआय नको. आणि घरच्यांना आधी हे सांगा, की तिला दुखतं ते खरंच दुखतं. १९७३ साली जेम्स रिची यांनी मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. ६० मिलिलिटरला निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. फुगा तेवढाच, कळ मात्र कितीतरी लवकर.

आतड्याकडून आलेली संवेदना मेंदूत थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट अशा भागांत पोचते आणि ती किती दुखावी हे तिथे ठरतं. २०१०च्या एका अभ्यासात आयबीएस असलेल्या ५५ स्त्रियांचे मेंदू ४८ निरोगी स्त्रियांशी ताडून पाहिले. थॅलॅमस आणि कपाळामागच्या काही भागांत करडं द्रव्य विरळ, सिंग्युलेटच्या पुढच्या भागात दाट आढळलं. मग संशोधकांनी चिंता-नैराश्याचा वाटा हिशेबातून वजा केला. तेव्हा भावनांशी निगडित भागांतले बरेच फरक मावळले. कपाळामागचे आणि माथ्याच्या मागच्या बाजूचे मात्र टिकले. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही आजार एकमेकांत गुंतलेले आहेत, पण एक म्हणजे दुसरा नव्हे.

हे फरक गटाच्या सरासरीचे असतात आणि फार बारीक असतात. नैराश्याच्या १,७२८ रुग्णांच्या तपासणीत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस निरोगी लोकांपेक्षा सरासरी जेमतेम सव्वा टक्का लहान भरला. एकट्या माणसाच्या फिल्मवरून त्यातून निदान होत नाही.

गोळीचं म्हणाल, तर अमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी कमी मात्रेत वेदनेचे संदेश मंदावतं. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅमने आयबीएसचा त्रास कमी झाला. तेव्हा 'वेड्यांची गोळी' म्हणून ती परस्पर बंद करू नका. बहिणीचं मनही खचलं असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. शौचातून रक्त, वजनात घट किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब दिसले, तर मात्र पोटाची तपासणी ताबडतोब पुन्हा करून घ्या.