आईचं दूध कसं वाढतं? पहिल्या पंधरा दिवसांचा पाठ



आपल्या इस्लामपूर भागात पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. घरात लाडू वळले जातात, शेक-शेगडी होते, बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ जरा जास्त रडलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पोरीला दूध पुरंना वाटतं. वरचं चालू करा." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण या एका वाक्याने कितीतरी बाळांचं अंगावरचं दूध लवकर सुटतं. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

१. दूध तयार कसं होतं?

मागणी तसा पुरवठा हा नियम आपण वर्गात शिकवतो. आईच्या दुधालाही तोच नियम लागू पडतो. बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दोन संप्रेरकं कामाला लागतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, तर ऑक्सिटोसिन पान्हा फोडतं, म्हणजे तयार दूध बाहेर ढकलतं. उलट, स्तनात दूध साचून राहिलं तर 'आता कमी बनवा' असा निरोप शरीराला मिळतो.

विहिरीचं उदाहरण घ्या. उपसा चालू असला की झरे वाहते राहतात. वरची बाटली सुरू झाली की बाळाचं पोट भरतं, ते कमी चोखतं, उपसा घटतो आणि दूध खरंच कमी होतं. मग घरातले म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत होतोच!"

काळजी, वेदना आणि अपुरी झोप यांमुळे ऑक्सिटोसिन अडतं. दूध असूनही पान्हा फुटत नाही. तेव्हा 'तुला दूध नाही' असं बाळंतिणीला ऐकवणं हेसुद्धा नुकसानच आहे.

२. पहिले तीन-चार दिवस

सुरुवातीला येतो तो पिवळसर, घट्ट चीक. तो कधीच फेकून देऊ नये. रोगप्रतिकारक घटक त्यात भरपूर असतात. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलीच पितं, म्हणजे लहान चमच्याने एक-दोन चमचे. त्यामुळे चीक थोडा दिसला तरी घाबरू नका. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं. पहिलं बाळंतपण किंवा सिझेरियन असेल तर एखादा दिवस उशीर होऊ शकतो.

३. दूध वाढण्यासाठी काय करावं?

१) जन्मानंतर शक्यतो पहिल्या तासातच बाळाला छातीशी धरावं. सिझेरियन असेल तरी मदतीने हे जमतं.
२) चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं. घड्याळ बघू नका. बाळ तोंड वळवतंय, हात चोखतंय, म्हणजे त्याला भूक लागली आहे. रडणं ही भुकेची शेवटची खूण.
३) रात्रीचं पाजणं चुकवू नये. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं.
४) बाळाची पकड तपासावी. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. फक्त बोंडी तोंडात असेल तर आईला दुखतं आणि बाळाला दूध कमी मिळतं.
५) एक बाजू पूर्ण पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी.
६) बाळ नीट पीत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं. त्यामुळे उपसा चालू राहतो.
७) मध, गुटी, साखरपाणी, साधं पाणी यांतलं काहीही नको. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध. मधाने तर तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

४. मग अळिवाचे लाडू?

जरूर द्या. अळीव, डिंक, मेथी, शेपू, बाजरी यांनी बाळंतिणीच्या अंगात ताकद येते. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. तहान लागेल तेवढं पाणी तिने प्यावं. पण नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही. बाळाने वारंवार आणि नीट चोखल्यानेच ते वाढतं. लाडवाचा डबा भरलेला आणि बाळ मात्र आजीच्या मांडीवर बाटलीने पितंय, असं होऊ देऊ नका.

५. दूध पुरतंय हे कसं ओळखावं?

रडण्यावरून नव्हे, लघवीवरून आणि वजनावरून. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला ६ किंवा जास्त वेळा लघवी करतं. सुरुवातीची काळी, चिकट शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्या.

लघवी कमी, बाळ सुस्त, पाजायला उठवलं तरी उठत नाही, अंग पिवळं, ताप, किंवा वजन १० टक्क्यांहून जास्त घटलेलं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यावं, त्यात आईचा कमीपणा नाही. मात्र ते वाटी-चमच्याने द्या आणि अंगावर पाजणंही चालू ठेवा.

६. बाळ जवळ नसेल तेव्हा

कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असेल, तर आईने दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढावं. अशा बाळांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईचं दूध अपुरं पडलं तर दुसऱ्या आईने दान केलेलं, तपासून निर्जंतुक केलेलं दूध तिथे मिळतं.

आता आपल्याच शिवाराकडे बघा. गळीत हंगामात वाळवा तालुक्यात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबं येतात. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं आणि आई मोळ्या बांधते. दोन पाजण्यांतलं अंतर वाढतं आणि दूध आटू लागतं. तिथे बाटली धुवायला स्वच्छ पाणीही नसतं, म्हणून बाटलीचा धोका सगळ्यात मोठा. बाळ सांभाळायला मोठी बहीण थांबते आणि तिची शाळा बुडते. त्या मुलीची गैरहजेरी मांडताना तिच्या आईला पाजायला वेळ मिळतो का, हेही आपण विचारलं पाहिजे.

७. शाळेत काय करता येईल?

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यात माता-पालक सभा घ्या, आशाताईंना बोलवा आणि आज्यांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवा. घरातला निर्णय बहुतेक वेळा त्यांचाच असतो. रजा संपवून आलेल्या शिक्षिकेला दूध काढायला एक बंद खोली आणि वीस मिनिटं मिळवून द्या.

आणि पालकहो, बाळंतिणीच्या घरी जाल तेव्हा "दूध येतंय का गं?" असं विचारण्याऐवजी "तू निवांत पाज, बाकीचं मी बघते" एवढंच म्हणा. मग खरंच उठून चार भांडी घासून टाका.