बियाण्याचा एक्स-रे काढणं हेही करिअर आहे

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की पालक एकच प्रश्न घेऊन येतात: ‘कॉम्प्युटर मिळेल का? नाहीतर एआय-डेटा सायन्स तरी?’ मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो. त्याला काय आवडतं हे विचारलं, की उत्तर आई देते. स्पष्टच सांगतो, शाखेच्या नावात ‘एआय’ आहे म्हणून लाखो रुपये भरू नका. कोडिंगचा ज्याला मनापासून कंटाळा आहे, त्याचा कंटाळा चार वर्षांत जात नाही. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षांची माहिती घरोघरी आहे. ती पुन्हा देत नाही.

पण भौतिकशास्त्र आवडतं, जीवशास्त्रही सोडवत नाही आणि कॉम्प्युटरवर हात बसलेला आहे, अशी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी एक दुर्लक्षित वाट आहे: बियाण्याचं क्ष-किरण इमेजिंग.

गव्हाची उगवण तपासायची प्रमाण पद्धत साधी आहे. 400 दाणे ओल्या कागदावर ठेवायचे, चौथ्या आणि आठव्या दिवशी मोजणी करायची. किती उगवले ते कळतं. उरलेल्यांच्या आत काय बिघडलं ते कळत नाही. कापून बघावं, तर त्या दाण्याची वाढ तिथेच संपते. मायक्रो-सीटीत दाणा क्ष-किरणांसमोर गोल फिरतो, शेकडो प्रतिमा निघतात आणि त्या जुळवून त्रिमित चित्र तयार होतं. तोच दाणा उद्या पुन्हा बघता येतो. कोंब कसा सरकला, मुळं कुठून फुटली, पिष्ट विरघळून कुठे पोकळी पडली, सगळं मायक्रॉनच्या मापात दिसतं.

काम सोपं नाही. पाणी आणि पिष्ट क्ष-किरणांना जवळपास सारखंच अडवतात, त्यामुळे वेगळे ओळखणं कठीण. स्कॅन चालू असताना कोंब हलला की चित्र पुसट होतं. क्ष-किरणांची मात्रा वाढली तर अंकुरालाच इजा होते, म्हणून स्कॅन न केलेले दाणे तुलनेसाठी सोबत उगवावे लागतात. इतक्या प्रतिमांमधून कोंब वेगळा काढायला मशीन लर्निंग वापरतात. एआयच शिकायचं असेल, तर ते असं कामासाठी शिका.

याची गरज शेतात दिसते: ऐन काढणीत पाऊस आला की ज्वारी-गव्हाच्या कणसातच कोंब फुटतात. पिष्ट फोडणारं अमायलेज वाढतं, पिठाची प्रत घसरते आणि भाव पडतो. कोणता वाण तग धरतो हे शोधायला दाण्याच्या आत बघावं लागतं.

सीटी स्कॅनसाठी 1979 साली नोबेल मिळालेल्या गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या नावाचं केंद्र नॉटिंगहॅम विद्यापीठात आहे. तिथे मुळांचे आणि मातीचे स्कॅन होतात. इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, इमेजिंगची सोय आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत गव्हाच्या वाणांवर संशोधन चालतं.

वाट अशी: फिजिक्स किंवा बॉटनीत बीएस्सी, नाहीतर सीईटीतून बीएस्सी अ‍ॅग्री, मग एमएस्सी, पीएचडी. जागा थोड्या आहेत, कमाई उशिरा सुरू होते, हे आधीच समजून घ्या. मात्र प्रतिमा-विश्लेषणाचं हेच कौशल्य वैद्यकीय इमेजिंगला आणि कारखान्यातल्या कास्टिंगच्या तपासणीलाही लागतं.

पालकांनो, फी, कर्ज, राहण्याचा खर्च यांचा हिशेब मुलांसमोर जरूर मांडा. पण ऑप्शन फॉर्मवरचा पहिला पर्याय त्यांना स्वतः भरू द्या.